बसची सावली

पहाटे साडेचारला निघालो तेव्हा
ग्लेनिसने प्रत्येकाच्या हातात एकेक सफरचंद ठेवलं
आणि बजावलं : पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं,
नंतर पितात ते मूर्ख.
साठीची बाई. पोटऱ्या दोरखंडासारख्या पिळदार.

आम्ही अकरा जण.
कुणी टोमॅटो खुडून, कुणी मोटेलातल्या चादरी बदलून
साठवलेले डॉलर या एका दिवसावर लावलेले :
दरी, डोह, सूर्यास्ताला फेसाळती वाइन,
जाहिरातीत होती तश्शी.

डांबर संपलं. रस्ता पन्हाळी पत्रा झाला.
मातेऊश झोपेतही खडखडत होता.
ह्ये-जिन वहीत लिहीत होती,
अक्षरं वारुळावर पाय पडल्यासारखी सैरावैरा.

दोनशे दहाव्या किलोमीटरला मागचं चाक गेलं.
जादा चाक होतं,
पण एका नटाच्या कडा झिजून गुळगुळीत.
ग्लेनिस पान्यावर उभी राहिली, उड्या मारल्या,
मग एक शिवी घातली
जिला ओर्लाने टाळ्या वाजवून दाद दिली.
सॅटेलाइट फोनवर बोलून आली : तीन तास. कदाचित पाच.
आणि टोपी तोंडावर घेऊन बसखाली सरपटत जाऊन झोपली.

बाहेर लाल माती. काटेरी गवताचे गोल पुंजके.
माशा, डोळ्यांतलं पाणी प्यायला आलेल्या.
एक झाड, पण इतकं लांब
की चालत जाऊन बघायची कुणाची छाती झाली नाही.
सावली एकच, बसची.

आठला ती ऐसपैस होती. पाय पसरून पत्ते खेळलो.
दहाला आखडली. पाय दुमडले.
अकराला गुडघे पोटाशी.
बाराला उरली साडीच्या काठाएवढी पट्टी,
आणि त्या काठावर आम्ही,
पाठी तापल्या पत्र्यापासून बोटभर दूर,
परवा हॉस्टेलात दूध कुणी संपवलं म्हणून भांडलेले,
आता कुठला घाम कुणाचा ते कळेना.

तेव्हा ओर्ला बोलली. कुणी विचारलं नव्हतं.
मार्चमध्ये आईला पुरलं ते तिने
केळ्यांच्या शेडमध्ये फोनवर पाहिलं,
मधेच चार्जिंग संपलं,
आणि मुकादम म्हणाला, खोकी थांबत नसतात.

कुणी काही बोललं नाही.
मातेऊश थोडा सरकला.
तिला चार बोटं जास्त सावली मिळाली.

दीडला धुळीचा एक खांब आला,
त्याच्या बुंध्याशी जुनी टोयोटा,
आत क्लेम, त्याची नात लेटिशा, आणि तीन पायांचा कुत्रा.
ज्याला फोन केला होता तो हा नव्हेच.
हा आपला दुकानाला निघाला होता.
त्याने छिन्नी लावली, हातोडीचे सहा घाव,
नट मुकाट फिरला.
लेटिशा आमची रांग बघून खुदखुदत होती :
आजोबा, हे बघ, तारेवरचे पक्षी.

ह्ये-जिनने त्याला चहा दिला, आणि म्हणाली,
बरं झालं आलात, इथे तर काहीच नाही.
क्लेमने कप फुंकला.
मग बोटाने नाही, ओठांनी
ते लांबचं झाड दाखवलं.
माझी आत्या तिकडे जन्मली, म्हणाला.
अजून रागावते त्या झाडावर,
म्हणते, मेलं सावली कमी देतं.

ह्ये-जिनने वही उघडली,
काहीतरी खोडलं.
त्याजागी काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

दरी राहिली. डोह राहिला.
वाइन आम्ही परतीच्या वाटेवर
पत्र्याच्या कपांतून कोमट प्यायलो.
सूर्य टेकला तशी बसची सावली
लांबच लांब होऊन गवतावरून पळायला लागली,
एवढी, की तीत अख्खं गाव मावलं असतं,
आणि आता ती कुणालाच नको होती.

ओर्लाने खिडकीतून हात हलवला.
तिकडेही, सावलीत,
कुणीतरी हलवला.